वण पडण्याआधी

दोन जिने चढून झाल्यावर माणूस कठड्याला धरून उभा राहतो. साठी उलटलेली असते, त्यामुळे धाप लागणं वयाच्या खात्यावर जमा होतं. कोरडा खोकला धुळीवर ढकलला जातो. आपल्याकडे एक्सरेवरच्या रेषा पाहून क्षयाची औषधं सुरू झाल्याचीही उदाहरणं पुष्कळ आहेत. मग केव्हातरी एखादा छातीरोगतज्ज्ञ पाठीवर, बरगड्यांच्या अगदी खालच्या भागात स्टेथोस्कोप टेकवतो आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतो. श्वास भरत आला की शेवटी शेवटी एक कोरडी चरचर ऐकू येते, सँडलचा वेल्क्रोचा पट्टा सावकाश सोडवावा तशी. सीटी स्कॅन होतो. फुप्फुसांच्या तळाशी आणि कडेकडेने जाड तंतूंची जाळी दिसते, तिच्यात छोटी पोकळ भोकं. या अवस्थेला डॉक्टर हनीकोम्बिंग म्हणतात. आजाराचं नाव इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, म्हणजेच आयपीएफ. उपचारांविना निदानानंतर निम्मे रुग्ण तीन ते पाच वर्षांच्या आत दगावतात. कित्येक कर्करोगांचा हिशेबही याहून बरा असतो.

ती चरचर ऐकू येते तेव्हा आजार नवा नसतो. तो कित्येक वर्षं चाललेला असतो. डॉक्टरांच्या हाती लागतो तो त्याचा उत्तरार्ध. पूर्वार्धात काय घडलं, पहिली चूक कोणत्या पेशीने केली आणि का, या प्रश्नावर गेली पंचवीस वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा काम करत आहेत. या प्रकरणात त्या पूर्वार्धाकडे पाहायचं आहे.

आधी जागा नीट पाहू. श्वासनलिका फुटत फुटत जिथे संपते तिथे वायुकोश असतात. प्रौढ माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे 48 कोटी. त्यांची भिंत बहुतेक ठिकाणी एक मायक्रोमीटरहूनही पातळ असते, म्हणूनच प्राणवायू तिच्यातून सहज रक्तात उतरतो. या भिंतीला दोन प्रकारच्या पेशींचं अस्तर आहे. पहिल्या प्रकारच्या पेशी पसरट आणि अतिशय पातळ असतात; सुमारे 95 टक्के पृष्ठभाग त्याच झाकतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी घनाकार, कोशाच्या कोपऱ्यात बसलेल्या. त्यांना टाइप-2 पेशी म्हणतात. त्यांच्याकडे दोन कामं असतात. एक, सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध द्रव तयार करणं, ज्याच्यामुळे श्वास सोडताना वायुकोश मिटून चिकटत नाही. दुसरं, शेजारची पातळ पेशी मेली की विभाजन करून, स्वतःचं रूप बदलून तिची जागा घेणं. धूर, विषाणू, धूळ, जठरातून वर येणारं आम्ल असे लहानसहान मार फुप्फुस आयुष्यभर खात असतं, आणि ही डागडुजी मुकाट्याने चालू असते.

डागडुजी फसते तेव्हा भिंतीच्या आतले तंतुजनक पेशींचे गट जागे होतात. त्यांचं रूपांतर मायोफायब्रोब्लास्टमध्ये होतं. ही अर्धी स्नायूसारखी, अर्धी तंतुजनक पेशी. 1971 मध्ये जिनिव्हात जुलिओ गब्बियानी आणि सहकाऱ्यांनी भरत्या जखमेत तिचं वर्णन केलं. ती कोलॅजेन हे तंतुद्रव्य ओतते आणि आकसून जखमेच्या कडा जवळ ओढते. त्वचेवर काम संपलं की या पेशी मरून जातात आणि मागे वण राहतो. आयपीएफमध्ये त्या मरत नाहीत. हवेसाठी असलेल्या जागेत वण साठत जातो.

बराच काळ वैद्यकाने या साखळीची पहिली कडी दुसरीकडेच शोधली. लुईस हॅमन आणि अर्नोल्ड रिच या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 1944 मध्ये फुप्फुसात झपाट्याने तंतू साचून दगावलेल्या चार रुग्णांचं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. तो आजार आजच्या आयपीएफहून वेगळा होता, हे पुढे स्पष्ट झालं. पण फुप्फुसाला असा वण पडू शकतो याची नोंद तिथून ठळक झाली. त्यानंतरच्या दशकांत एक समजूत रुजली की आधी दाह होतो, दाह रेंगाळतो आणि त्यातून तंतू तयार होतात. समजूत तर्काला धरून होती. मग उपचारही ठरलेलेच: दाह दडपणारी स्टेरॉइड्स आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. हजारो रुग्णांना वर्षानुवर्षं तेच मिळत राहिलं.

2001 मध्ये मेक्सिकोचे मोइसेस सेल्मान आणि आनी पार्दो यांनी अमेरिकेतल्या टॅलमेज किंग यांच्यासह एक लेख लिहून ही समजूत उलटी केली. त्यांचं म्हणणं असं की आयपीएफच्या नमुन्यांत दाह फारसा दिसतच नाही आणि दाह दडपून रुग्ण सुधारतही नाहीत. मूळ बिघाड वायुकोशाच्या अस्तरात आहे. अस्तराच्या पेशी पुन्हा पुन्हा दुखावतात, दुरुस्ती भरकटते आणि त्याच पेशी तंतुजनक पेशींना चुकीचे आदेश पाठवत राहतात.

या वादाचा निकाल प्रयोगशाळेत नव्हे, रुग्णांवर लागला. अमेरिकेत पँथर नावाच्या चाचणीत एका गटाला प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन असं तिहेरी औषध दिलं, दुसऱ्याला नुसती निष्क्रिय गोळी. हे तिहेरी औषध त्या काळी रूढ उपचार म्हणून दिलं जात होतं. चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. औषध घेणाऱ्या 77 जणांपैकी 8 दगावले होते, निष्क्रिय गोळी घेणाऱ्या 78 पैकी 1. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ पहिल्या गटात 23 जणांवर आली, दुसऱ्यात 7 जणांवर. 2012 मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. आजाराची सुरुवात नीट न कळल्याची किंमत काय असते, हे याहून स्पष्ट कुठे दिसलेलं मला माहीत नाही. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, औषधं जुनी आणि परिचित होती. गृहीतक चुकलं होतं, आणि त्याचा भार रुग्णांनी वाहिला.

तोवर जनुकशास्त्रानेही अस्तराकडे बोट दाखवायला सुरुवात केली होती. हा आजार काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. 2001 नंतर अशा कुटुंबांत सर्फॅक्टंटच्या प्रथिन-सीच्या जनुकात दोष सापडले. हे प्रथिन फुप्फुसात फक्त टाइप-2 पेशी तयार करतात. 2007 मध्ये मेरी आर्मानियोस आणि क्रिस्टीन गार्सिया यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आणखी काही कुटुंबांत टेलोमरेज या विकराची जनुकं बिघडलेली आहेत. गुणसूत्रांच्या टोकांवरचे टेलोमिअर दर विभाजनाला झिजतात आणि टेलोमरेज ती झीज भरून काढतं. ते दुबळं पडलं की ज्या पेशींना आयुष्यभर विभाजन करायचं आहे त्या लवकर थकतात. टाइप-2 पेशी त्यांपैकीच. मग 2011 मध्ये मॅक्स सायबोल्ड, डेव्हिड श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी म्युक-5-बी या श्लेष्मा-प्रथिनाच्या जनुकाजवळचा एक बदल शोधला. तो निरोगी माणसांपैकी सुमारे 9 टक्क्यांत होता आणि आयपीएफच्या रुग्णांपैकी 38 टक्क्यांत. हे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. पूर्व आशियात हा बदल दुर्मीळ आहे. सर्फॅक्टंट, टेलोमिअर, श्लेष्मा हे तीन धागे एकमेकांशी असंबद्ध वाटतात. पण तिन्ही अस्तराच्या पेशींपर्यंतच पोचतात.

अर्थात जनुक संशयित दाखवतं, घटनाक्रम सांगत नाही. त्यासाठी ऊती हाताळाव्या लागतात आणि हे काम बहुधा ज्याच्या वाट्याला येतं त्याला पोस्टडॉक म्हणतात. पीएचडी झालेली असते, स्वतःची प्रयोगशाळा अजून नसते; दोन-तीन वर्षांच्या करारावर, एखाद्या वरिष्ठाच्या छत्राखाली, एकाच प्रश्नाला जुंपून घेतलेला संशोधक. निबंधावर शेवटचं नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं असतं आणि पहिलं ज्याचे हात त्यात गुंतले त्याचं. जीवशास्त्रातलं पुष्कळसं नवं ज्ञान याच वयाच्या, याच अनिश्चित अवस्थेतल्या माणसांनी मिळवलेलं आहे. लोकांसाठी लिहिलेल्या विज्ञानात त्यांचा उल्लेख क्वचित येतो, आणि मला ते खटकतं.

या पोस्टडॉकपुढे पहिली अडचण असते नमुन्याची. वर्षानुवर्षं सगळ्यांचा आधार राहिला तो ब्लिओमायसिनचा उंदीर. ब्लिओमायसिन हे हामाओ उमेझावा यांनी जपानात शोधलेलं कर्करोगावरचं औषध. फुप्फुसाला इजा हा त्याचा कुप्रसिद्ध दुष्परिणाम. त्याचा थेंब उंदराच्या श्वासनलिकेत सोडला की दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसात तंतू साचतात. सोय मोठी आहे. पण तरुण उंदरात हे तंतू पुढे आपोआप विरघळत जातात, माणसात नाही. उंदरात गुण दाखवणारी आणि माणसात फसलेली औषधं म्हणूनच इतकी आहेत. 2014 मध्ये लुईस हेकर, व्हिक्टर थन्निकल आणि सहकाऱ्यांनी तोच प्रयोग म्हाताऱ्या उंदरांवर केला, तेव्हा त्यांच्यातले तंतू गेले नाहीत. आजार वार्धक्याचा आहे, तर उंदीरही वृद्ध हवा, हे पटण्यासारखंच आहे. पण उंदीर म्हातारा व्हायला दीड ते दोन वर्षं लागतात आणि पोस्टडॉकचा करार तेवढ्यात संपत आलेला असतो. तरुण उंदीर आणि तीन आठवडे ही चौकट इतकी टिकली त्यामागे विज्ञानाइतकंच हे वेळापत्रकही आहे, असं मला वाटतं. सावकाश सुरू होणाऱ्या आजाराचा अभ्यास घाईच्या करारांवर चालतो. अनुदान देणाऱ्यांनी याचा गंभीरपणे विचार करायला हवा.

दुसरा मार्ग माणसाच्या फुप्फुसाचा. कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाची निरोगी कड, किंवा दात्याचं पण प्रत्यारोपणास न चाललेलं फुप्फुस, रुग्णाच्या वा नातेवाइकांच्या संमतीने प्रयोगशाळेत येतं. ते थंड द्रावणात बुडवलेलं असतं आणि केव्हा येईल याची शाश्वती नसते. शस्त्रक्रिया लांबली की इकडेही रात्र होते. हवेने भरलेलं फुप्फुस मऊ असतं, पात्याखाली चेपलं जातं. म्हणून शरीराइतक्या कोमट तापमानाचं पातळ अ‍ॅगरोज एखाद्या लहान श्वासनलिकेतून हळूहळू आत सोडतात. तुकडा फुगतो, मग बर्फावर ठेवला की आतलं अ‍ॅगरोज घट्ट होतं आणि वायुकोश उघड्या स्थितीत जागच्या जागी धरले जातात. व्हायब्रेटोम या यंत्राचं थरथरणारं पातं त्याचे काप काढतं, प्रत्येकी 300 ते 500 मायक्रोमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पातं जरा वेगात पुढे सरकलं की काप फाटतो. चांगले उतरलेले काप पोषक द्रवात ठेवले तर आठवडाभर, कधी त्याहून अधिक जिवंत राहतात. लहान श्वासनलिका, रक्तवाहिन्या, अस्तर, तंतुजनक पेशी, रोगप्रतिकारक पेशी, सगळे आपापल्या शेजाऱ्यांसह.

अशा कापात आजाराची सुरुवात घडवता येते. 2017 मध्ये मेलानी क्योनिग्सहॉफ यांच्या गटाने निरोगी मानवी कापांवर चार पदार्थांचं मिश्रण घातलं: टीजीएफ-बीटा (तंतुजनक पेशींना कामाला लावणारं संदेश-प्रथिन), टीएनएफ-अल्फा, पीडीजीएफ आणि लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल. हे सगळे आयपीएफच्या फुप्फुसात वाढलेले आढळतात. पाच दिवसांत कोशांच्या भिंती जाडावू लागल्या, कोलॅजेनशी संबंधित जनुकं जागी झाली आणि टाइप-2 पेशींची ओळख पटवणारं सर्फॅक्टंट प्रथिन-सी उतरू लागलं. ज्याला रुग्णात कित्येक वर्षं लागत असतील त्याचा प्रारंभ पाच दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली आला. मात्र कापात रक्त वाहत नाही आणि तो श्वासही घेत नाही, ही त्याची मर्यादा.

मग 2020 उजाडलं. एकेका पेशीतली चालू जनुकं वेगवेगळी वाचण्याचं तंत्र तोवर हाती आलं होतं. त्या वर्षीच्या जुलैत दोन मोठे अभ्यास एकाच नियतकालिकात आले. येलमधल्या नफ्ताली कामिन्स्की यांच्या गटाचा एक, त्यात 3 लाख 12 हजारांहून अधिक पेशी. जोनाथन क्रॉप्स्की आणि निकोलस बनोविच यांच्या गटांचा दुसरा, त्यात 1 लाख 14 हजारांहून अधिक. दोघांनाही आजारी फुप्फुसात अस्तराची एक अनोळखी पेशी भेटली, निरोगी फुप्फुसात जवळजवळ न दिसणारी. ती ना टाइप-2 होती ना पातळ टाइप-1. केराटिन-17 नावाचं प्रथिन तिच्यात होतं आणि वार्धक्याने थकलेल्या, विभाजन थांबवलेल्या पेशीच्या खुणाही. तिची जागाही बोलकी होती: जिथे नवे तंतू तयार होत असतात त्या केंद्रांवर नेमकी तिचीच चादर. आणि जे काम तंतुजनक पेशींचं समजलं जात होतं, तंतुद्रव्य तयार करणं, त्याची जनुकंही तिच्यात चालू होती.

त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठ, केंब्रिज आणि म्युनिक अशा तीन ठिकाणच्या गटांनी उंदरात या पेशीची भावंडं शोधली. ड्यूकमधल्या गटाचे प्रमुख मूळचे भारतीय, पुरुषोत्तम राव ताता. स्वतः पोस्टडॉक असताना त्यांनी 2013 मध्ये श्वासमार्गातली पक्की झालेली पेशी पुन्हा मूळपेशी होऊ शकते हे दाखवून नाव कमावलं होतं. आता त्यांच्या प्रयोगशाळेतले पोस्टडॉक योशिहिको कोबायाशी टाइप-2 पेशीचं रूपांतर टप्प्याटप्प्याने टिपत होते. घनाकार पेशीला अतिशय पातळ व्हायचं असतं. मध्ये एक अवस्था येते जिथे ती जुनं रूप सोडून बसलेली असते आणि नवं अजून घेतलेलं नसतं. या अवस्थेत ती ताणली जाते, ताणाने तिचा डीएनए दुखावतो, आणि टीजीएफ-बीटाच्या मार्गातली जनुकं चालू होतात. निरोगी उंदरात ही अवस्था थोडक्यात ओलांडली जाते. आयपीएफच्या मानवी नमुन्यांत मात्र अशा पेशींची गर्दी आढळली. त्या तिथेच अडकल्या होत्या.

म्हणजे आजाराच्या मुळाशी दुरुस्तीचा अभाव नाही. दुरुस्ती सुरू होते आणि मध्येच अडते.

आता एक जुनं कोडं. वण नेहमी फुप्फुसाच्या तळाशी आणि कडेलाच का सुरू होतो? याचं मला सर्वांत भावलेलं उत्तर बीजिंगच्या तांग नान यांच्या गटाचं, तेही 2020 चंच. त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या टाइप-2 पेशीत सीडीसी-42 हे जनुक काढून टाकलेलं होतं, म्हणजे त्या पातळ पेशी बनूच शकत नव्हत्या. मग त्यांचं एक फुप्फुस काढलं. उरलेलं फुप्फुस रिकामी जागा भरायला ताणलं जातं. नेहमीच्या उंदरात नवे वायुकोश तयार होऊन ताण ओसरतो. या उंदरांत ओसरला नाही. ताणलेल्या टाइप-2 पेशींत टीजीएफ-बीटाचे संदेश चालू झाले, आणि तंतू आधी कडेला आले, मग आतल्या बाजूला सरकत गेले. रुग्णांच्या सीटी स्कॅनवर दिसतो तोच क्रम. फुप्फुस न काढताही, वय वाढलं तसा या उंदरांना हाच आजार जडला. श्वासाचा ताण कडेला आणि तळाशी अधिक असतो, ही गोष्ट इथे जुळते.

ताणाने टीजीएफ-बीटा कसं जागं होतं याचा एक दुवा आधीच मिळालेला होता. हे प्रथिन ऊतीत बांधलेल्या, निष्क्रिय स्वरूपात साठवलेलं असतं. 1999 मध्ये डीन शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अस्तराच्या पेशीवरचं अल्फा-व्ही-बीटा-6 हे इंटेग्रिन, म्हणजे पेशीला भोवतालाशी बांधणारं प्रथिन, त्याला पकडून मोकळं करतं; पुढे कळलं की ही मोकळीक अक्षरशः ओढून दिली जाते. ऊती जितकी ताठ, तितकी ही ओढ परिणामकारक. निरोगी फुप्फुसाची ताठरता दोनएक किलोपास्कल असते, वण पडलेल्या फुप्फुसाची पंधराच्या पुढे जाते. ताठ ऊतीवर तंतुजनक पेशी अधिक कोलॅजेन ओततात, त्याने ऊती आणखी ताठ होते. हे चक्र एकदा फिरू लागलं की त्याला बाहेरच्या इजेची गरज उरत नाही, आणि उशिरा केलेले उपचार थिटे का पडतात ते इथे कळतं. 15 ऑक्टोबर 2014 ला अमेरिकेत एकाच दिवशी मंजूर झालेली पिरफेनिडोन आणि निंटेडॅनिब ही औषधं श्वसनक्षमतेची घसरण मंदावतात, थांबवत नाहीत. 2025 मध्ये त्यांच्या जोडीला नेरँडोमिलास्ट आलं, तेही घसरण मंदावणारंच. झालेला वण पुसणारं औषध आज नाही.

भारताचं चित्र थोडं निराळं आहे. 19 शहरांतल्या 27 केंद्रांनी मिळून 1,084 रुग्णांची नोंद केली, ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आयपीएफ 13.7 टक्के होता आणि 47.3 टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे श्वासातून जाणाऱ्या जैविक कणांवर फुप्फुसाने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी होता, जिथे ओलसर जाळ्यांवर बुरशी वाढते. पारव्यांची विष्ठा आणि पिसं हे दुसरं ठळक कारण. 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादात डॉक्टरांचा मुद्दा याच आजाराचा होता. इथे सुरुवात खरोखर दाहाने होते, आयपीएफसारखी नाही. पण वेळेत कूलर आणि पारवे दूर झाले नाहीत, तर अनेक रुग्णांत तंतूंचं तेच स्वयंचलित चक्र सुरू होतं आणि मग कारण दूर करूनही थांबत नाही. छातीरोगतज्ज्ञाने घरी कूलर आहे का, गॅलरीत पारवे बसतात का, हे विचारणं म्हणूनच तपासणीइतकं महत्त्वाचं असतं. आजाराच्या आरंभाचं ज्ञान आजच वापरता येईल अशी ही जागा आहे, आणि त्याला पैसाही लागत नाही.

आयपीएफच्या बाबतीत तेवढी सोय नाही. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकी गावातल्या प्रसिद्ध हृदय-अभ्यासात 2,633 लोकांचे छातीचे सीटी स्कॅन तपासले, तेव्हा सुमारे 7 टक्क्यांत फुप्फुसाच्या भिंतीत किरकोळ बदल दिसले. म्युक-5-बीचा तो बदल ज्यांच्यात होता त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती. पुढच्या वर्षांत काहींचे बदल वाढतात, पुष्कळांचे तसेच राहतात. आता समजा, आयपीएफने गेलेल्या रुग्णाचा पन्नाशीतला धाकटा भाऊ तपासायला आला आणि त्याच्या स्कॅनवर तळाशी अशीच पुसट धूसरता दिसली. त्याला धाप लागत नाही, खोकला नाही. उपलब्ध औषधांनी मळमळ होते, जुलाब होतात, यकृतावर लक्ष ठेवावं लागतं; ती या अवस्थेसाठी मंजूरही नाहीत. डॉक्टर त्याला सिगारेट सोडायला सांगतात, श्वसनक्षमता मोजून ठेवतात आणि काही काळाने पुन्हा स्कॅनला बोलावतात. त्याच्या टाइप-2 पेशी मधल्या अवस्थेत अडकल्या आहेत की ती ओलांडून जातील, हे रक्ताच्या एका थेंबातून सांगू शकेल अशी चाचणी हवी आहे, आणि अडकलेल्या पेशीला पुढे ढकलणारं औषधही. या दोन्हींवर आत्ता कापांच्या बशा समोर ठेवून बसलेले कितीतरी जण काम करत आहेत.